खोक्यावरचे नाव आणि खोक्यातले यंत्र

घरच्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे, या प्रश्नावर आमच्या वसतिगृहात जेवढा खल होतो तेवढा परीक्षेच्या प्रश्नांवरही होत नसेल. वाद घालणारे मराठी असोत वा कन्नड, आकडे तेच आणि आवेशही तोच. माझे मत मात्र पुष्कळांना रुचणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांना हे कार्ड लागतच नाही.

पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. त्या प्रत्येकाचा रंग क्षणाक्षणाला ठरवायचा तर हजारो लहान गणिते एकाच वेळी सोडवावी लागतात. ते काम या कार्डाचे. टॅली, टंकलेखन, सी भाषेतले प्रोग्रॅम, रविवारचा चित्रपट, यांना प्रोसेसरमधलीच चित्रव्यवस्था पुरते. (इंटेलच्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर एफ अक्षर असेल तर ती सोय नसते, एवढे पाहून घ्यावे.)

ज्यांना कार्ड खरोखरच हवे, त्यांनी नावाला भुलू नये. आरटीएक्स ३०५० हेच पाहा. २०२२ साली आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० गणनकेंद्रे होती. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे आले, त्यात २३०४. स्मृतीकडे जाणारा रस्ताही १२८ बिटांवरून ९६ वर आला. खोक्यावरचे नाव तेच! पण गंमत अशी, की हे धाकटे कार्ड सुमारे ७० वॅटवर चालते आणि मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. ज्याचा संगणक जुना, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला साधा, त्याला तेच बरे. थोरल्याला १३० वॅट लागतात.

हा हिशेब न केल्याने काय होते ते मी जवळून पाहतो आहे. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून मुलाला भारी कार्ड घेऊन दिले. विकणाऱ्याने एसएमपीएसची चौकशीही केली नाही. आता कार्डावर जरा ताण आला की संगणक बंद पडतो, आणि हप्ता मात्र दरमहा जातो. मुलगा शिकतो वाणिज्य शाखेत!

यंत्रशिक्षणाकडे वळलेल्यांची गोष्ट निराळी. २०१२ साली अलेक्स क्रिझेव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे ओळखणारे प्रसिद्ध जाळे शिकवले, तेसुद्धा ३ जीबीच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, म्हणजे पोरांच्या खेळासाठी विकल्या जाणाऱ्या कार्डांवर. अशा कामात वेगाइतकीच स्मृतीही महत्त्वाची. २०२३ चे ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० खेळांत वेगवान आहे, हे मान्य. पण जे ८ जीबीत मावतच नाही, ते २०२१ च्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० वर मावू शकते. येथे जुन्याकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही.

तरीही प्रत्येक बापाने कर्ज काढावे का? आमच्या प्रयोगशाळेत असे १२ जीबीचे एक कार्ड चांगल्या एसएमपीएससह बसवावे आणि प्रयोगशाळा संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवावी, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पाळीची वही आम्ही विद्यार्थी ठेवू. नावे मराठीत लिहा वा कन्नडमध्ये.