टाकी समुद्राची, फरशी आपली

रात्रीचे दोन वाजले होते आणि बडोद्यातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजत होती. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या मासी. "बेटा, आमच्या हॉलचं छत गळतंय." दादाने दिवा लावला. त्याची लाडकी खाऱ्या पाण्याची टाकी काठावरून शांतपणे सांडत होती. गुन्हेगार होती एक गोगलगाय. काच साफ करायला आणलेली ही बाई फिरत फिरत पाणी खाली नेणाऱ्या एकुलत्या एक पाइपच्या तोंडात जाऊन बसली होती.

मासे वाचले, मासींचं पीओपी नाही वाचलं. रंगकामाचा खर्च दादाने दिला. त्यानंतर टाकीचं सगळं प्लंबिंग आम्ही दोघांनी नव्याने केलं. त्यात जे शिकलो, ते आजच्या सदरात.

पाणी खाली जातं कशाला?

रीफ टाकीच्या खाली कपाटात दुसरी टाकी असते. तिला संप म्हणतात, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीसारखंच. हीटर, प्रोटीन स्किमर असं सामान त्यात लपतं. वरच्या टाकीत काचेची एक पेटी असते. तिचा काठ ओलांडून पृष्ठभागावरचं तेलकट पाणी पेटीत पडतं, पाइपने संपमध्ये उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो.

गोम इथेच आहे. पाणी वर जातं ते पंपाच्या जोरावर, खाली येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. पाइप अडला हे पंपाला कळत नाही, तो ढकलतच राहतो. म्हणून पाइप निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: हा तुंबला तर काय होईल?

एक, दोन की तीन पाइप?

*एक पाइप (ड्युर्सो):* वर हवेसाठी छोटं भोक असतं, पाइपमधून पाणी आणि हवा दोन्ही जातात. स्वस्त आणि सोपा, पण थोडा गुळगुळ आवाज करतो. तुंबला तर दुसरा रस्ता नाही. आमचा हाच होता.

*दोन पाइप (हर्बी):* पहिला पूर्ण पाण्याने भरून सायफनसारखा चालतो. कूलरचं पाणी नळीने काढताना ओढ लागते ना, तसाच. हवा नसल्यामुळे आवाज जवळजवळ नसतो. दुसरा पाइप उंच आणि कोरडा असतो, फक्त संकटासाठी.

*तीन पाइप (बीनअ‍ॅनिमल):* पहिला सायफन. दुसऱ्यातून थोडंसं पाणी वाहतं आणि त्याच्या माथ्यावर हवेची बारीक नळी असते. पेटीतलं पाणी चढून त्या नळीचं तोंड बुडलं की हवा बंद होते आणि दुसराही सायफन बनून पूर्ण जोरात चालतो. तिसरा कोरडा, संकटासाठी.

नवी टाकी बनवून घेत असाल तर तीनच घ्या. पेटीत जागा कमी असेल तर दोन. काठाला टांगायच्या पेटीला काच कापावी लागत नाही, पण तिच्या सायफनमध्ये हवा साठली की पाणी उतरणं थांबतं. रात्री झोप हवी असेल तर ती टाळा.

सामान घेताना

काचेत बसवायच्या जोडाला हार्डवेअरच्या दुकानात टँक निपल म्हणतात. आधी निपल आणा, मग त्याच्या मापाचं भोक पाडून घ्या. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटून चुरा होते. निपलचं रबर वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला ठेवा. हाताने घट्ट करा, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त पिळलं तर काच तडकते.

सायफनच्या पाइपवर गेट व्हॉल्व्ह लागतो, कारण तो हळूहळू फिरवून पाणी बारीक कमी-जास्त करता येतं. दुकानदार पितळी देईल, तो घेऊ नका. पितळेत तांबं असतं आणि ते प्रवाळ, कोळंबी, गोगलगायींना विषारी असतं. प्लास्टिकचा मागा. पाइप यूपीव्हीसीचे घ्या. तीनशे लिटरच्या टाकीला एक इंची पाइप पुरतात.

प्रवाळांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणं आणि विकणं गुन्हा आहे. दादाच्या टाकीत क्लाउनफिश, कोळंबी आणि त्या गोगलगायी आहेत, आणि तेवढ्याने घर भरलेलं वाटतं.

वीज गेली तर?

हा हिशेब वहीवर करा. आमची टाकी १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद. म्हणजे तिच्यातलं एक सेंमी पाणी ७.२ लिटर. पंप बंद पडला की वरचं पाणी त्याच्याच पाइपमधून उलटं खाली येतं, पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत. ते तोंड पृष्ठभागाखाली ३ सेंमी असेल तर साधारण २२ लिटर उतरतील. पेटी आणि पाइपांतलं पाणी वेगळं. आम्ही संपमध्ये ३५ लिटर जागा रिकामी ठेवतो. उलटं पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका. त्यात क्षार साचतात आणि तो नीट मिटत नाही.

आता उलट हिशेब. सगळे पाइप तुंबलेच, तर पंप आपल्या कप्प्यातलं पाणी वर चढवून कोरडा पडेल. आमच्या कप्प्यात २४ लिटर मावतात आणि वरच्या टाकीत काठापर्यंत ४ सेंमी, म्हणजे जवळपास २९ लिटर जागा मोकळी आहे. त्यामुळे सांडायला पाणीच उरत नाही.

मीठ टाकण्याआधी

साध्या नळाच्या पाण्याने आधी सगळं चालवून बघा. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र ठेवा, ओला डाग लगेच दिसतो. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग थोडा थोडा बंद करत जा. पेटीतलं पाणी चढून दुसऱ्या पाइपमध्ये बारीक धार जाऊ लागली की थांबा. दोन पाइप असतील तर पाणी कोरड्या पाइपच्या तोंडाखाली स्थिर राहू द्या. सायफनचं खालचं टोक संपच्या पाण्यात २–३ सेंमीच बुडवा. जास्त बुडवलं तर आतली हवा निघत नाही आणि सायफन सुरू व्हायला वेळ लागतो. संकटाच्या पाइपचं टोक पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे तो वाहू लागला की आवाजाने कळतं.

मग तीन परीक्षा घ्या:

१. वीज बंद करा. संप सांडतो का?
२. वीज चालू करा. सायफन आपोआप सुरू होतो का?
३. सायफनचं तोंड बंद करा. बाकीचे पाइप पाणी सांभाळतात का?

तिसरी परीक्षा सगळे टाळतात. आम्हीही टाळली होती, म्हणून ती रात्री दोन वाजता गोगलगायीने घेतली.

आता पेटीच्या काठावर दात्यांची जाळी आहे आणि दर महिन्याला आम्ही पाइप तपासतो. मासी अधूनमधून नातवाला मासे दाखवायला घेऊन येतात. नातू मासे बघतो. मासी आधी फरशी बघतात.