दुधाच्या हिशेबात शेणही धरा

मरोळहून मरोशीच्या रस्त्याने आरेत शिरले की मुंबईत अजून तग धरून असलेला एक शेतीव्यवसाय दिसतो, म्हशींचे तबेले. दाट वस्तीतले गोठे बाहेर न्यावेत आणि मुंबईकरांना स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभी राहिली. सुमारे १६ हजार जनावरांसाठी ३२ तबेले बांधले गेले. पुढे शहरच वसाहतीभोवती पसरले. आता हा व्यवसाय येथे किती काळ टिकेल, हा प्रश्न आहे.

व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांत म्हशीचे दूध सर्वाधिक असते, मग ते घटत जाते आणि साधारण दहा महिन्यांत आटते. पुढच्या वेतापर्यंत ती भाकड असते, पण तिचे खाणे थांबत नाही. गावात हा काळ बांधावरच्या गवतावर आणि घरच्या कडब्यावर निभावतो. शहरात पेंड आणि कडबा विकत आणावा लागतो. म्हणून ताजी व्यायलेली म्हैस आणायची आणि आटली की हलवायची, अशी रीत मुंबईत पडली. रेडी दुधावर यायला साडेतीन-चार वर्षे लागतात, तेवढा खर्च तबेल्याला परवडत नाही. परिणामी चांगल्या दुधाळ म्हशींची पुढची पिढी तयार होत नाही.

हिशेबाबाहेर राहिलेली दुसरी बाब शेणाची. एक म्हैस दिवसाला किमान १५ किलो शेण टाकते. मूळ क्षमतेइतकी जनावरे धरली तर हे रोजचे २४० टन होते. चाऱ्यातून गावच्या जमिनीतले नत्र, स्फुरद आणि पालाश शहरात येते. गावात ते उकिरड्यावाटे शेतात परतते, येथे मात्र धुवणाबरोबर नाल्यात जाते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी मरोळवरून माहीमच्या खाडीकडे वाहते. सांडपाणी आणि कारखान्यांच्या घाणीत शेणाची भर पडली की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि गाळ वाढून पात्र उथळ होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीला पूर आला आणि पाठोपाठ शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. या रोगाचे जंतू उंदरांप्रमाणेच गुराढोरांच्या मूत्रातूनही पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात.

शेण वाया जायलाच हवे असे नाही. २५ किलो शेणापासून साधारण एक घनमीटर बायोगॅस मिळतो. २४० टनांतून रोज घरगुती गॅसच्या सुमारे ३०० सिलिंडरांइतके इंधन निघू शकते आणि उरलेली मळी खत म्हणून वापरता येते. अडचण वाहतुकीची आहे. मळीत बहुतांश पाणीच असते. ते वेगळे करून घट्ट खत पालघर-नाशिकच्या शेतांपर्यंत पोहोचवण्याचा खर्च कोणी तरी उचलायला हवा.

दुसरा मार्गही जुनाच आहे. आणंदच्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये सहकारी संघ स्थापन केला आणि म्हशी गावातच ठेवून मुंबईला दूध पाठवले. शहरातले तबेले टिकवायचे असतील, तर भाकड काळाचा आणि शेणाच्या विल्हेवाटीचा खर्च दुधाच्या दरात धरावा लागेल. आज तो दरात दिसत नसला तरी गावची जमीन आणि मिठीकाठची वस्ती तो भरतेच आहे.