नांदेडच्या डोळ्यांवर शिकलेले यंत्र

यंत्रमानव येणार आणि श्रमिकाच्या हातचे काम हिरावून घेणार, ही चर्चा आपल्या अभ्यासशिबिरांतून वारंवार होते. भीती निराधार नाही. परंतु यंत्राचे हात चालण्यापूर्वी त्याला डोळे द्यावे लागतात, आणि त्या डोळ्यांचे शिक्षण कोणाच्या देहावर होते याची चौकशी आपण क्वचितच करतो. या चौकशीचा एक धागा थेट नांदेडला येऊन पोचतो.

विष्णुपुरी येथील श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2018 साली दृष्टिपटलाच्या 516 छायाचित्रांचा संग्रह जगापुढे ठेवला. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला जडणारा विकार यंत्राला ओळखता यावा, हा त्यामागील हेतू. छायाचित्रे 2009 ते 2017 या काळात नांदेडच्याच एका नेत्रचिकित्सालयात घेतलेली. त्यांपैकी 81 चित्रांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरचे फुगवटे, रक्तस्रावाचे डाग, पिवळसर ठिपके यांची एकेका चित्रबिंदूपर्यंत आखणी केलेली आहे. यंत्र शिकते ते अशा आखणीवरून. चालत्या यंत्रमानवाला वाटेतला खड्डा ओळखायला शिकवणारी विद्याही मुळात हीच. एप्रिल 2018 मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत या संग्रहावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने, डॉक्टरने चित्र न वाचताही या विकाराचा निर्वाळा देणाऱ्या एका यंत्रणेला विक्रीची परवानगी दिली. (त्या यंत्रणेने नांदेडची चित्रे पाहिली होती, असा माझा आरोप नाही.)

संशोधकांनी हा संग्रह सर्वांना खुला केला. ज्ञान कुलुपात न ठेवणे ही समाजवाद्याला अभिमान वाटावी अशीच गोष्ट आहे. पण उघड्या कोठारातले धान्य शेवटी ज्याच्यापाशी गाडी आहे तोच घेऊन जातो. मूळ निर्मात्यांचा नामनिर्देश केला की व्यापारी कंपनीलाही हा संग्रह वापरता येतो. आणि ज्यांचे डोळे त्यात आहेत, त्या मुलखाच्या वाट्याला काय येते?

हा विकार प्रारंभी दुखत नाही, खुपत नाही. नजर अंधुक होईपर्यंत बरीच हानी झालेली असते. वेळीच तपासणी आणि लेझरचे उपचार मिळाले तर दृष्टी पुष्कळदा वाचते. म्हणजे यंत्राचा डोळा जेथे खरोखर हवा, तो किनवटच्या आणि जळकोटच्या रुग्णालयात, नेत्रतज्ज्ञ सहजी न पोचणाऱ्या जागी.

परंतु सत्ताधाऱ्यांची तातडी दुसरीकडे असते. रोजगार हमीच्या मजुराची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदविण्याची सक्ती 1 जानेवारी 2023 पासून सर्व कामांवर लागू झाली. ज्या महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली आणि 1977 साली तिचा कायदा केला, तेथील मजुरानेही मोबाइलला जाळे मिळाले नाही म्हणून मजुरी बुडण्याची धास्ती बाळगायची! जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले, की कामाशी संबंध नसलेली चित्रे, इतकेच नव्हे तर चित्राचे चित्र, हजेरी म्हणून चढविले जात आहे. घाम गाळणारा माणूस आणि त्याचा फोटो यांतला भेद न कळणारा हा पहारेकरी! पाळतीसाठी पैसा निघाला, चिकित्सेसाठी मात्र निघत नाही.

कोणी म्हणेल, यंत्रे आली की आरोग्यसेवा आपोआप सुधारेल. त्यांनी विष्णुपुरीलाच जावे. तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. 2023 च्या सप्टेंबरअखेरीस 24 तासांत तेथे 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या गावात डोळ्यातला रक्तबिंदू यंत्राला दाखविण्याची विद्या आहे, त्याच गावात ही अवस्था. विद्या कमी पडली नाही. माणसे, औषधे आणि पैसा देण्याची राजकीय इच्छा कमी पडली.

म्हणून यंत्र नको, अशी आरोळी ठोकण्यात अर्थ नाही. तिशीवरील सर्वांच्या मधुमेह तपासणीचा सरकारी कार्यक्रम कागदावर आहेच. नांदेड आणि लातूर येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा परिषदेत तीन प्रश्न लेखी विचारावेत: मधुमेही म्हणून किती नोंदले, त्यांपैकी कितींच्या दृष्टिपटलाची तपासणी झाली, आणि दोष आढळलेल्यांना लेझरसाठी कोठे पाठविले. उत्तर येईपर्यंत प्रत्येक सभेत ते पुन्हा विचारावेत.