लॉराची किंकाळी आणि चौथ्या पर्वाची मागणी

डेव्हिड लिंच जानेवारी २०२५ मध्ये गेले. तरीही 'ट्विन पीक्स'चे चौथे पर्व यावे, ही चाहत्यांची मागणी संपलेली नाही. मार्क फ्रॉस्ट आहेत, ते या मालिकेचे सहनिर्माते, तेव्हा उरलेली उत्तरे त्यांनी द्यावीत, असा या मंडळींचा युक्तिवाद असतो. या मागणीला रहस्याविषयीचे प्रेम समजण्याची चूक आपण करू नये. रहस्य एकदाचे निकालात निघावे, एवढीच तिच्यामागची इच्छा आहे.

चाहत्यांची आशा अगदीच निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत एबीसी वाहिनीने ही मालिका मध्येच थांबवली, तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा मारा केला आणि उरलेले भाग पदरात पाडून घेतले. १० जून १९९१ रोजी मालिका संपली. नायक डेल कूपर काळोख्या लोकात अडकलेला आणि त्याचे दुष्ट प्रतिरूप आपल्या जगात मोकळे, असा तो शेवट होता. त्याच भागात लॉरा पामर कूपरला सांगते की, पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू. आणि २०१७ मध्ये शोटाइमवर अठरा भागांचे तिसरे पर्व खरोखरच आले! सव्वीस वर्षे थांबलेल्या माणसाला आणखी काही वर्षांची प्रतीक्षा अवघड वाटू नये, हे समजण्यासारखे आहे.

पण उत्तर मिळाल्यावर काय होते, याचाही पुरावा याच मालिकेत आहे. एप्रिल १९९० मध्ये ती सुरू झाली तेव्हा 'लॉराला कोणी मारले?' या एका प्रश्नाने अमेरिकेला वेड लावले होते. निर्मात्यांना हा प्रश्न दीर्घकाळ उघडा ठेवायचा होता. वाहिनीला उत्तर हवे होते. नोव्हेंबर १९९० मध्ये ते दिले गेले. खुनी लॉराचा बापच निघाला. वर्षानुवर्षे तिच्यावर अत्याचार करणारा, सुखवस्तू घरातला, गावात प्रतिष्ठित असा बाप. त्याच्या देहात 'बॉब' नावाचे भूत शिरले होते, ही पळवाट मालिकेने ठेवली खरी, पण तिच्या आड काय आहे हे कोणाला कळत नव्हते? ज्या प्रेक्षकाने उत्तरासाठी हट्ट धरला, तोच उत्तर हाती येताच मालिकेपासून दूर गेला. सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारली गेली, असे लिंच पुढे म्हणत राहिले. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. रहस्य संपले म्हणून प्रेक्षक गेला, हे खरेच. पण जे कळले ते पाहवेना, म्हणूनही तो गेला असावा. १९९२ च्या 'फायर वॉक विथ मी' या चित्रपटात लिंच यांनी कोडे बाजूला ठेवून लॉराचे शेवटचे सात दिवस तिच्या बाजूने दाखवले, तेव्हा समीक्षक आणि प्रेक्षक दोघांनीही त्याकडे पाठ फिरवली. कोडे हवे होते, मुलगी नको होती.

चौथ्या पर्वाची मागणी करणारे आज काय विचारतात? कूपर कोणत्या काळात पोहोचला? ऑड्री कुठे आहे? ती ज्यूडी म्हणजे नेमके कोण? लॉरा या यादीत फार खाली असते.

वर्गात जी. ए. कुलकर्णी यांची कथा शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो : 'पण सर, शेवटी नेमके झाले काय?' मी त्या विद्यार्थ्याला दोष देत नाही. आपणच त्याला दहा वर्षे गाइडे वाचायला लावली आहेत. परंतु प्रौढ रसिकही तोच प्रश्न घेऊन कलाकृतीच्या दारात धरणे धरून बसतो, तेव्हा त्याची गाठ गाइडशी पडायला हवी होती, लिंचशी चुकून पडली, असे म्हणावे लागते.

कॉनन डॉयलचे उदाहरण इथे कोणी देईल. १८९३ मध्ये मारलेला होम्स त्याने वाचकांच्या आग्रहाखातर १९०३ मध्ये परत आणलाच की! आणला, पण होम्स ही एक पद्धत होती, नवा गुन्हा आला की ती पुन्हा चालू शकत होती. लॉरा एकदाच मेली आहे.

आणि नेमके हेच तिसऱ्या पर्वाला सांगायचे होते. ते जुन्या चाहत्यांना खूश करायला आलेले पर्व नव्हतेच. ओंडका घेऊन फिरणाऱ्या मार्गरेटची भूमिका करणाऱ्या कॅथरीन कूलसन यांनी सप्टेंबर २०१५ मधील आपल्या मृत्यूच्या काही दिवस आधी आपले प्रसंग चित्रित केले. पडद्यावर मार्गरेट मरणाविषयी बोलते, ते आपण ऐकतो ते या जाणिवेने. मालिकेतली माणसे म्हातारी झाली आहेत, काही नाहीत. एकटा कूपर काळ मागे फिरवायला निघतो. १९८९ च्या त्या रात्री जंगलात जाऊन तो लॉराचा हात धरतो, तिला घरी न्यायला निघतो आणि तिचा हात सुटतो. शेवटच्या भागात टेक्सासमधल्या ओडेसा गावी त्याला तिच्या चेहऱ्याची एक बाई भेटते. तिला घेऊन तो पामरांच्या घराशी येतो. दार उघडणारी बाई लॉराची आई नाही. ती भूमिका त्या घराच्या खऱ्या मालकिणीने केली आहे. म्हणजे कथेच्या दारावर थाप मारली आणि आतून वास्तव बाहेर आले! रस्त्यावर उभा कूपर विचारतो, हे कोणते साल आहे? ती बाई किंकाळी फोडते. घरातले दिवे जातात.

परत जाऊन सगळे ठीक करू, या इच्छेचे इतके निर्दय परीक्षण दूरदर्शन-मालिकेत मी दुसरे पाहिलेले नाही. आणि ते पाहून झाल्यावर चाहता म्हणतो, पुन्हा एकदा परत जाऊ या. कूपरची चूक त्याने पाहिली, आणि तीच पुढे चालवायला तो निघाला आहे.

राहता राहिला फ्रॉस्ट यांचा मुद्दा. त्यांनी २०१७ मध्येच 'द फायनल डॉसिए' हे पुस्तक लिहिले, बऱ्याच पात्रांचे पुढे काय झाले तेही सांगितले. उत्तरे हवी होती त्यांना ती तिथे मिळाली. पण पुस्तकाच्या अखेरीस तपास करणाऱ्या टॅमी प्रेस्टनला जुन्या वृत्तपत्रात आढळते की, लॉराचा खून झालेलाच नाही, ती फक्त बेपत्ता झाली. आणि ते वाचता वाचता तिची स्वतःची स्मृतीही धूसर होऊ लागते.