कोरोना झाला, संधिवाताच्या गोळ्यांचे काय?

एप्रिल २०२० आठवून पाहा. नगरचे मुकुंदनगर सील झाले होते, जिल्ह्याच्या सीमा बंद होत्या. पुण्याला तपासणीसाठी जाणारे संधिवाताचे रुग्ण घरीच अडकले. त्यातच हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही गोळी मेडिकलमध्ये मिळेनाशी झाली. ती कोरोनाला रोखते, असा बोलबाला झाल्याने गरज नसलेल्यांनीही पाकिटे घेऊन ठेवली होती. जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत ती कोरोनावर उपयोगी नसल्याचे दिसले. ल्युपसच्या रुग्णांना मात्र ती रोज लागते.

आमवात, ल्युपस या आजारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर आणि अवयवांवर उलटते. औषधे तिला आवर घालतात. म्हणून ताप आला की घरात कोणीतरी म्हणते, "अम्मी, सगळ्या गोळ्या बंद करा." इथेच चूक होते.

प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती एकदम कधीही थांबवू नये. शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. गोळी अचानक तुटली तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट, तसेच लेफ्लुनोमाइड, अझाथायोप्रिन ही औषधे डॉक्टर बहुधा बरे होईपर्यंत थांबवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन बहुतेकदा चालू ठेवतात. रिटुक्सिमॅबचे इंजेक्शन घेणाऱ्यांना कोरोना जास्त त्रास देऊ शकतो, लसही त्यांच्यात कमी काम करते. त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

कोरोनासाठी म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून स्टिरॉइड सुरू करू नका. डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांनाच झाला, इतरांना नाही.

ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवू लागला, दम लागला किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला तर थांबू नका. रमजान असेल तर आजारपणात रोजाचा हट्ट नको. आजाऱ्याला सूट आहे, कजा नंतर करता येते.

आजच एक काम करा. अम्मीच्या किंवा दादीच्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा फोन नंबर एका कागदावर लिहा. "ताप आला तर यातले काय थांबवायचे?" हे पुढच्या तपासणीत विचारून त्यावर खूण करून घ्या. तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. रात्री दोन वाजता ताप भरला, तर घरातल्या लहान मुलालाही तो वाचता येईल.