ओटीवरच्या गोष्टी : कॅम्डनची लोंकर

मार्गशीर्षाची थंडी पडतांच पेटींतील गरम कपडे उन्हांत घातले. एका गळपट्ट्याच्या चिठ्ठीवर ‘मेरिनो’ हा शब्द वाचून नातीनें अर्थ विचारला. मीं वर्गांत तीस वर्षें घोकून घेतलेलें वाक्य म्हणून दाखविलें : ‘जॉन मॅकार्थर हा ऑस्ट्रेलियांतील लोंकरीच्या धंद्याचा जनक होय.’ पोर मोठी चिकित्सक. ती म्हणाली, “मग आजोबा, मेंढ्या सांभाळल्या कोणीं? आणि रान कोणाचें?” मी निरुत्तर झालों. पुढें पुस्तकें चाळून जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

सिडनीच्या नैर्ऋत्येस सुमारें ४० मैलांवर, नेपियन नदीच्या कांठीं, कॅम्डन हें गांव आहे. १७८८ मध्यें इंग्रजांनीं सिडनीस कैद्यांची वसाहत स्थापिली. त्या वेळीं आणलेलीं गुरें रानांत पळालीं. तीं १७९५ मध्यें या नदीपलीकडे मोठा कळप करून चरतांना सांपडलीं. गुरांस रुचलेलें कुरण साहेबलोकांसही रुचलें. मुलखास ‘काउपास्चर्स’, म्हणजे गायरान, असें नांव पडलें. वस्तुतः ती धारावल लोकांची वडिलोपार्जित भूमि होती.

मॅकार्थर हा तेथील पलटणींतला अधिकारी. १७९४ मध्यें कलकत्त्याहून आलेल्या जहाजावरून त्यानें बंगाली मेंढ्या व कोंकरें मिळून साठ जनावरें घेतलीं. त्यांच्या अंगावर राठ केंस; परंतु आयरिश मेंढ्याशीं संकर होतांच पिलांच्या अंगीं केंस व लोंकर मिश्र येऊं लागली. या उद्योगाच्या आरंभीं आपल्या देशाचाही एक धागा आहे, हें मीं वर्गांत कधीं सांगितलें नव्हतें. मेरिनो जात १७९७ मध्यें केपहून आली. १८०१ मध्यें आपल्या वरिष्ठास द्वंद्वयुद्धांत जखमी केल्यावरून मॅकार्थरास विलायतेस धाडण्यांत आलें. या आपत्तीचेंही त्यानें सोनें केलें. लोंकरीचे नमुने दाखवून वसाहतमंत्री लॉर्ड कॅम्डन यांजकडून ५,००० एकर जमिनीचा हुकूम मिळविला, व १८०५ मध्यें तो परतला. मंत्र्याचें नांव जमिनीस मिळालें, आणि पुढें गांवासही.

१८०८ मध्यें गव्हर्नर ब्लाय यास पदच्युत करणाऱ्या बंडांत मॅकार्थर अग्रणी होता. त्यापायीं १८०९ पासून १८१७ पर्यंत तो मायदेशींच अडकून राहिला. त्या काळांत कळपांची निपज, कैदी मजुरांवर देखरेख, हिशेब आणि लोंकरीची रवानगी हा सर्व भार पत्नी एलिझाबेथ हिनें वाहिला. १८२२ मध्यें लंडनच्या कलासंस्थेनें या लोंकरीबद्दल पदकें दिलीं, तीं मात्र पतीस! पुरुष नोकरीनिमित्त परगांवीं, घरची शेती बायकांच्या शिरावर, आणि सातबारावर नांव तिसऱ्याचेंच, हा प्रकार आपल्या घरांतूनही अपरिचित नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अधिक कठोर आहे. अवर्षणामुळें व कुरणें बळकावल्यामुळें धारावल आणि वसाहतवाले यांच्यांत चकमकी होऊं लागल्या. तेव्हां गव्हर्नर मॅक्वारी यानें शिपाई पाठविले. हाच गृहस्थ पूर्वीं मुंबईच्या फौजेबरोबर श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत होता. १७ एप्रिल १८१६ रोजीं, उत्तररात्रीं, जवळच्या ॲपिन येथें त्या शिपायांनीं धारावलांच्या तळावर छापा घातला. बायकामुलें धरून निदान १४ माणसें मेलीं. कित्येक जीव वांचवावयास पळतांना कड्यावरून खालीं कोसळलीं. त्यानंतर कुरणें ‘निर्धास्त’ झालीं. मॅकार्थर १८३४ मध्यें वारला. १८४० च्या सुमारास जेम्स व विल्यम या पुत्रांनीं गांव वसविलें. टेकडीवर चर्च उभें राहिलें, त्याची प्रतिष्ठा १८४९ मध्यें झाली.

१९६६ मध्यें निघालेल्या दोन डॉलरांच्या नोटेवर मॅकार्थर आणि मेरिनो मेंढा यांचें चित्र होतें. एका मेंढीमागें दुसरीनें निमूट चालावें, यास आपले शास्त्री गड्डलिकाप्रवाह म्हणत. मेंढ्यांचा इतिहास शिकवितांना मी स्वतः त्याच प्रवाहांत तीस वर्षें चाललों होतों, हें कबूल केलें पाहिजे.

नातीच्या वहींत आतां मीं निराळें वाक्य लिहून दिलें आहे : ‘लोंकर मेंढीची, रान धारावलांचें, श्रम कैद्यांचे, कारभार एलिझाबेथचा, आणि नांव मॅकार्थरचें.’ माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असतील, तर त्यांनींही आपल्या वहींतील जुनें वाक्य एवढें दुरुस्त करून घ्यावें.