जंगलात मोजणी, शेतात जागल

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यांवरच्या मचाणांवर शहरातली मंडळी जागतात. त्यात विद्यार्थी असतात, नोकरदार असतात. कुणाला अस्वल दिसते, कुणाला गवा, आणि सकाळी सगळ्यांच्या नोंदी जमा होतात. काम चांगले आहे. 1884 नंतर कुणाला न दिसलेला रानपिंगळा 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, पुढे मेळघाटातही दिसला, तो असे चिकाटीने रान तुडवणाऱ्यांमुळेच. पण सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापर्यंत आपला शेतकरी ज्वारी निसवल्यापासून माळ्यावर जागतो, त्या रात्री कोणत्या वहीत आहेत?

ही वही नसणे आता महागात पडणार आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत धरले जाईल. कोणते प्राणी धरायचे, कोणते जिल्हे किंवा विमा क्षेत्रे घ्यायची, हे राज्याने ठरवायचे. तेही मागच्या नुकसानीच्या आकड्यांवरून. आकडे म्हणजे सरकारदरबारी पोचलेले पंचनामे. हेलपाटे परवडत नाहीत म्हणून ज्याने अर्जच केला नाही, त्याचे नुकसान कागदावर झालेलेच नाही. आणि ज्याने कंटाळून ज्वारी पेरणेच सोडले, त्याचे तर नाहीच नाही.

ज्वारी एकट्या डुकराने संपवली असे आम्ही म्हणणार नाही. तिला आधी भावाने मारले, मग सोयाबीनने तिची जागा घेतली. शिवारात दोन-चार वावरे ज्वारीची उरली, तेव्हा अख्ख्या शिवारातली डुकरे आणि पाखरे त्यांच्यावरच तुटून पडली आणि तीही मोडली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले, बैलांबरोबर शेणखत. पर्यावरण म्हणून जे काही शिकवले जाते ते याहून वेगळे काय असते?

अकोल्याला कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून 1967 साली वऱ्हाड रस्त्यावर आला, माणसांचे जीव गेले, तेव्हा कुठे 20 ऑक्टोबर 1969 रोजी ते स्थापन झाले. अकोल्यातच पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. अमरावतीला 1983 पासून विद्यापीठ आहे, तिथे प्राणिशास्त्र शिकवतात. हत्यारे सगळी घरात आहेत. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खरिपात आपल्या गावांत येतात. रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया दाखवतात, निंबोळी अर्क करतात, पेपरात फोटो छापून येतो. मुले गुणी असतात. पण निंबोळी अर्क आता गावातल्या शाळकरी पोरालाही येतो. त्याच मुलांना वावराच्या धुऱ्यावर उभे करून नुकसान मोजायला लावा.

हे मोजणे अवघड नाही. वावरात सारख्या मापाचे काही चौकोन आखायचे, निम्म्यांना जाळी लावायची, निम्मे उघडे ठेवायचे आणि कापणीला दोन्हींतली कणसे तोलायची. फरक हेच नुकसान. कपाशीत जरा डोके लावावे लागते. रोही पऱ्हाटीचे शेंडे आणि पात्या खातो, झाड पुन्हा फुटते, आणि पंधरा दिवसांनी पाहणाऱ्याला वावर हिरवेगार दिसते. कोरडवाहूत उशिरा धरलेल्या बोंडांना ओल मिळत नाही, हे त्या हिरव्या वावरावरून कळत नाही. म्हणून वेचणीगणिक वजन लिहिले पाहिजे. शिवाय जागलीच्या रात्री, त्यांची मजुरी, झटका मशीनचा खर्च, हेही त्याच वहीत. रात्रीची मजुरी उत्पादनखर्चात धरत नाहीत म्हणून ती फुकट होत नाही.

मोजणीने काय होते, असे कुणी विचारील. गिधाडे आठवा. ढोर मेले की तासाभरात आभाळातून उतरणारी गिधाडे कधी नाहीशी झाली, आपल्याला कळलेही नाही. राजस्थानात भरतपूरला डॉ. विभू प्रकाश नेमाने गिधाडे मोजत होते, म्हणून ती घट आधी लक्षात आली. 2004 साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण सापडले: जनावरांना सूज-दुखण्यावर टोचतात ते डायक्लोफेनॅक. ते टोचलेल्या ढोराचे मढे खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झाले. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे शंभरातली एकही उरली नव्हती. मढी कुत्र्यांच्या वाट्याला गेली. नुसत्या हळहळीने एकही औषध बंद झाले नसते.

या वहीत आणखी एक रकाना पाहिजे आणि तो आपल्याला आवडणारा नाही. तारेत थेट करंट सोडून डुकरे मारली जातात. त्या तारेवर रोही मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो. संघटना या तारेच्या बाजूने कधीही उभी राहणार नाही. पण प्राण्यांच्या कल्याणावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी ती तार कोणत्या रात्री, किती रात्री जागल्यानंतर लावली गेली, हेही लिहावे. 2015 पासून महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आहे. दावणीला बसलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचा हिशेब कल्याणाच्या कोणत्या प्रकरणात येतो, तेही सांगावे.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्हा बैठकीत दोन ठराव येतील. कार्यानुभवाच्या मुलांना नुकसान-मोजणी अभ्यास म्हणून द्यावी, हा पहिला. त्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी, हा दुसरा. ठराव विद्यापीठाकडे आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे जातील. येताना आपल्या गावात मुले येतात का, शिवारात ज्वारी किती एकर उरली, या हंगामात किती रात्री जागलात आणि अर्ज किती केले, हे एका कागदावर लिहून आणा. तारीख आठवत नसेल तर सण लिहा, पोळा की दसरा. तेवढ्यावर वही सुरू करता येते.